तिसरा कान

गणपती कांबळे तांबड्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते आणि त्यांची मुलगी संघप्रिया त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून मागं उभी होती. गाडीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी होती आणि आबांच्या हाताचा तिला भरवसा नव्हता.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबची सहल पुण्याहून गोव्याला निघाली होती. शिरोली एमआयडीसीजवळच्या हॉटेलाच्या मैदानावर गाड्या दोन तास थांबल्या होत्या. त्यांत एकाच विलायती बनावटीच्या, बिनछताच्या तीन होत्या: तांबडी, हिरवी आणि पांढरी. सगळे भाग मुळातले असलेल्या गाडीला चषक होता, म्हणून बॉनेट उघडी ठेवून मालक बाजूला उभे होते आणि परीक्षक वही घेऊन फिरत होते.

गणपतींना चषकाशी देणंघेणं नव्हतं. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांनी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं पॅटर्न केले. म्हणजे लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा, आणि पडलेल्या पोकळीत धातू ओतायचा. दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी असल्याच गाडीच्या पाण्याच्या पंपाचं मोडकं कवच घेऊन आला. बोल्ट बसवायला त्याला तीन कान होते. दोन शाबूत, तिसरा मुळातून तुटलेला, आणि तुटली जागा कुण्या शहाण्यानं कानशीनं घासून गुळगुळीत केलेली. ड्रॉइंग नव्हतं. गणपतींनी तिसरा कान अंदाजानं केला, आणि परत तुटू नये म्हणून दोन सूत जाड ठेवला. व्यापारी सहा नग घेऊन गेला तो गेलाच.

तेव्हापासून हा माणूस जेवताना घास हातात धरून विचारायचा, खरा कान कसा असंल गं? घरातल्यांना त्या कानाचा वीट आला होता. पेपरात या गाड्यांचा फोटो दिसला तशी संघप्रियानं त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट इथं आणलं.

तांबड्या गाडीत त्यांना स्वतःचाच जाड कान दिसला. त्यांचं तोंड उतरलं. हिरव्या गाडीतही तोच. मालकानं कौतुकानं सांगितलं, की हा पंप मागच्या वर्षी इंग्लंडहून मागवलाय, कंपनीच्या खोक्यासकट. शिरोलीचा कान विलायतेला जाऊन खोक्यात बसून परत आला होता, आणि आपण अजून मुंबईच्या पुढं गेलो नाही, एवढंच गणपतींच्या मनात आलं.

पांढरी गाडी कोल्हापूरच्याच अनुजाची होती. तिच्या आजोबांनी घेतलेली, आणि पंप कधी खोललेलाच नाही. परीक्षक तिच्या इंजिनावर वाकले, मग तांबड्या गाडीपाशी गेले, हिरव्यापाशी गेले आणि मान हलवत परत आले.

“त्या दोघांचा कान जाड आहे, तुमचा पातळ. तुमचाच पंप बदललेला दिसतोय.”

अनुजानं सांगितलं, की आमच्या घरात याला कुणी पाना लावलेला नाही. पण दोनाविरुद्ध एक, त्यामुळं तिचा आवाज आपोआप खाली आला. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

गणपती मध्ये घुसून बघत होते. कान पातळच होता, आणि त्याच्या पाठीला धातूचीच बोटभर उभी फासळी होती. तिच्या आधारावर पातळ कान इतकी वर्षं टिकला होता. एवढं सोपं. त्यांना इतका आनंद झाला, की पेन वहीवर टेकलेलं त्यांना जरा उशिरानं दिसलं.

संघप्रियानं सदरा ओढला. “आबा, बघून झालं न्हवं? चला.” चाळीस वर्षांत आबांचा एकही पॅटर्न चुकीचा म्हणून परत आला नव्हता. ही गोष्ट ती शाळेत असल्यापासून सगळ्यांना सांगत आली होती.

“साहेब, ते लिहू नगा,” गणपती म्हणाले. “ह्या ताईंचाच खरा हाय. त्या दोन्ही गाड्यांचा कान म्या केलाय, आणि त्यो चुकलाय.”

परीक्षक हसले. कशावरून, असं त्यांनी विचारलं.

गणपतींनी उजवा अंगठा वर केला. त्याचं टोक फार पूर्वी करवतीच्या मशीननं तिरकं कापून नेलं होतं. कान जिथं लाकडाला जोडतात तिथली खाच मेणानं भरून अंगठ्यानं दाबतात, आणि पॅटर्नवर जे असतं ते वाळूत उतरतं, वाळूतलं धातूत, असं त्यांनी समजावलं. मग तांबड्या गाडीपाशी जाऊन जाड कानाखालच्या तिरक्या खळग्यात अंगठा ठेवला. तसाच हिरव्या गाडीत. धातू गार होताना आकसतो, त्यामुळं अंगठा जरा घट्ट बसला. परीक्षकांनी मोबाइलचा उजेड पाडून दोन्हीकडं बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

हिरव्या गाडीच्या मालकाचा चेहरा पडला होता. “म्हणजे माझा पंप खोटा?”

“खोटा कशानं? गोव्याला जाऊन येतोय की बिनघोर. निस्ता अंदाज चुकलाय माझा.”

संघप्रियानं सदरा सोडला. आबा पांढऱ्या गाडीपाशी परत गेले होते आणि हात लावू का, असं अनुजाला विचारत होते. अनुजानं ती पाटीच उचलून सीटवर टाकली. गणपतींनी तो तुटका अंगठा फासळीवरून वरून खाली फिरवला, मग खालून वर.

“कागद काढ गं, मापं लिहून घे,” ते मान वर न करता लेकीला म्हणाले. “पॅटर्न अजून कंपनीतच हाय.”