चंदरनं पाठवलेली चाकं

“काका, ही डुप्लिकेट आहेत,” श्यामकांत म्हणाला आणि त्यानं चाक लहूच्या पायाशी पालथं टाकलं.

घाटकोपरच्या त्याच्या टायरच्या दुकानासमोर लहू कोळ्याची फियाट जॅकवर उभी होती. गाडी तीन मालकांच्या हातून गेलेली, जुनी. पण चाकं कोरी. ॲलॉयची, चकचकीत. लहूच्या मुलानं, चंदरनं, ती दुबईहून पाठवली होती. ‘मी येईन तेव्हा ही चाकं लावलेली गाडी घेऊन विमानतळावर या’ अशी सोबत चिठ्ठी होती. लहूच्या बायकोनं, सोनूबाईनं, ती वेसाव्याच्या मासळीबाजारात इतक्या जणांकडून वाचून घेतली होती, की कागद घडीवर फाटला होता.

“डुप्लिकेट कशी असतील?” लहू हसला. “माज्या पोरानं दुबईवरशी धाडलीत.”

“मग त्याला कुणीतरी टोपी घातली. हा साकीनाक्याचा माल आहे. भट्टीत भंगार वितळवतात आणि ओततात. वरून बघाल तर मीसुद्धा फसेन. मागून बघा. जो ओततो तो साच्याच्या रेतीत आपली खूण उठवतो. नग खराब निघाला तर कुणाच्या हातचा ते मालकाला कळायला हवं ना?”

लहू वाकला. चाकाच्या आतल्या अंगाला एक त्रिकोण होता आणि त्याच्या पोटात दोन आडव्या रेघा.

ही खूण लहूच्या आजानं ठरवलेली. घरातल्या प्रत्येक वल्ह्यावर, जाळ्याच्या प्रत्येक तरंगत्या बोयावर ती कोरलेली असायची. वादळात बोया सुटून कुठल्याही बंदराला लागला, तरी खूण बघून कुणीतरी तो लहूच्या दारात आणून टाकायचं. चंदर आठ वर्षांचा असताना लहूनंच त्याचा हात धरून त्याला ती कोरायला शिकवली होती.

लहूनं दुसरं चाक उलटं केलं. मग तिसरं. चौथं बघायची गरज नव्हती, तरी बघितलं.

तीन वर्षं चिठ्ठ्या कुणा ना कुणाच्या हाती यायच्या. पाकिटावर परदेशी तिकीट कधीच नव्हतं. फोटो पाठव म्हटलं की पोरगा पुढच्या खेपेला म्हणायचा. दुबईला धाडणाऱ्या एजंटापायी लहूनं होडी विकली होती. एजंट पळाला असणार, आणि पोरगा कुठल्या तोंडानं घरी येणार होता?

आधी लहूला वाटलं, असाच साकीनाक्याला जावं आणि पोराच्या कानाखाली जाळ काढावा. मग नुसतंच रडू आलं. ते त्यानं गिळलं.

“तितं हात भाजत असतील ना रं?” त्यानं विचारलं.

“कुठं?”

“भट्टीवर.”

“भाजतात तर! हातमोजे कोण देतोय? चार-पाच वर्षांत माणूस कामातून जातो,” श्यामकांत म्हणाला. “ते सोडा. माझ्याकडे अस्सल संच आहे, जपानी. हा ठेवून घेतो, वरचा फरक द्या. ही चाकं खड्ड्यात आपटली तर तडकतील, काका. जिवाशी खेळ नको.”

तेवढ्यात सोनूबाई नारळ घेऊन नाक्यावरून आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कपाळाला घाम.

“काय हो, अजून लावली नाय चाकं?”

श्यामकांतनं तोंड उघडलं. लहू मध्येच म्हणाला, “हीच लाव.”

“अहो, मी एवढा वेळ काय सांगतोय...”

“पोरानं धाडलीत. हीच लाव.”

“मग? दुसरी कनची लावतील?” सोनूबाई म्हणाली. “शेट, तुमीच सांगा यांना, दुबईचा माल कसा असतो ते.”

श्यामकांतनं लहूकडे पाहिलं. म्हातारा चाकाच्या आतून बोट फिरवत बसला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं. श्यामकांतला काय समजलं कोण जाणे. तो पाना उचलत म्हणाला, “ओतणाऱ्याचा हात चांगला आहे, आई.”

चाकं लागली. सोनूबाईनं चारही चाकांना कुंकू लावलं, नारळ फोडला. सोबत आलेला तिचा भाऊ दादू टॅक्सी चालवायचा. त्यानं ऐटीत गाडी वेसाव्याच्या वाटेला काढली. लहू त्याच्या शेजारी बसला.

“दादू, खड्डे चुकव,” तो सारखा म्हणत होता.

साकीनाक्याला ट्रक आडवा झाला होता. गाडी थांबली. बाजूच्या गल्लीत भट्ट्यांची जेवणाची सुट्टी झालेली. नळापाशी कामगार बसले होते, सगळे सारखेच काळे, नुसते डोळे पांढरे. लहू एकेक तोंड बघू लागला. त्याचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथंच राहिला. उतरलो आणि तो सापडला तर? बापाला बघून पोरगा मान खाली घालेल, आणि ती खाली गेलेली मान बघायची लहूची छाती नव्हती.

“अगो बाय, काय दशा पोरांची!” सोनूबाई मागून म्हणाली. तिनं पिशवीतून फडकं काढलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी, वाटेत खायला पहाटे उठून केलेली. काच खाली करून तिनं जवळच्या एका पोराला हाक मारली आणि सगळं फडकंच त्याच्या हातात दिलं.

“एकट्यानं खाऊ नको रं. आत हायत त्या समद्यांना दे,” ती म्हणाली. “माज्या चंदरलापन तिकडं कुनाची तरी आय देत असंल.”