ओढ्यातल्या म्हशी

कापड घेणाऱ्या कंपनीचे साहेब नळाखाली बाटली धरून उभे होते. कापड रंगवायच्या कारखान्यातून ओढ्याला जाणारं पाणी स्वच्छ निघालं, तरच वर्षभराची ऑर्डर मिळणार होती. मालकीण नजमाआपा बाटलीकडे टक लावून पाहत होत्या.

तेवढ्यात ओढ्याकडून गवळी तणतणत आला. पूर्वी लाल-निळ्या पाण्याची तक्रार यानंच केली होती.

"आपा, तुमच्या पाण्यानं माझी पार वाट लावली!"

साहेबांनी वही उघडली. "काय झालं?"

"आधी म्हशी त्यात पाय घालत नव्हत्या. आता सकाळपासनं बसल्यात, उठंनात! धारा कवा काढू?"

साहेबांनी हसत बाटली ओतून टाकली. "झाली तपासणी. ऑर्डर तुमचीच."

आपांचा जीव भांड्यात पडला. गवळ्याच्या हातातली काठी घेत त्या म्हणाल्या, "चल बाबा, मीच उठवते."