पानातला मासा

चर्चमधून परतल्यावर अंगणातल्या खड्ड्यातली भट्टी उघडली, तरी घरधनी फिलिमोने चटईवर रुसून बसला. डॉक्टरांनी बजावलं होतं, मेंढीची चरबी आणि पाव सोडा, नाहीतर मधुमेहानं पाय जाईल. “वाडवडिलांचं अन्न सोडू होय?” म्हणत त्यानं बायकोलाच झापलं होतं. आज थोरल्या बहिणीनंच अळूच्या पानाची पुरचुंडी पुढ्यात ठेवली, आणि पॅसिफिकमधल्या या टोंगा बेटांवर थोरल्या बहिणीचा शब्द कुणी मोडत नाही. त्यानं पान उलगडलं. नारळाच्या दुधात मासा होता. “चरबी कुठंय, ताई?” “आईच्या पुरचुंडीत कधी होती रे? ती परदेशी बोटींनी आणली, आपण मोठे झाल्यावर.” त्यानं घास घेतला आणि डोळे मिटले. चुलीपाशी भजन गुणगुणणारी आई दिसली, ओलं जाळं ओढणारे बाबा दिसले. “ताई, बाबांचं जाळं आहे का गं अजून?” “आहे. पण ते ओढायला दोन पाय लागतात, बाळा.”