परतीची तार

"वायरिंग तुझं ना? मग काल माझं पोर मेलं असतं ते तुझ्यामुळे," विपुल म्हणाला.

धनेश ट्रेलरखाली उताणा पडला होता. बहिणीचा नवरा, त्यात डोकं फिरलेलं. बोलून काय उपयोग?

काल सकाळी मानकोलीचा पूल उतरताना विपुलच्या नाश्ता विकायच्या ट्रेलरचे ब्रेक लागले नाहीत. ओढणाऱ्या पिकअपचे लागले. मागून ट्रेलरने असा रेटा दिला की पिकअप आडवी होऊन कठड्याला घासत गेली. आत विपुल, धनेशची बहीण भावना आणि तिच्या मांडीवर तान्हं बाळ. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब. पण भावना आजही सावरली नव्हती. अंगणात बाळाची दुपटी वाळत घालताना तिच्या हातून चिमटे पडत होते.

ओट्यावर विपुलच्या बापाच्या, सावळारामच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता. "मेव्हणा हाय म्हणून काम दिलं. भिवंडीत काय दुसरे वायरमन न्हवते? माझा नातू जात व्हता काल."

विजेच्या ब्रेकचं गणित तसं सोपं. पिकअपमध्ये पेडल दाबलं की निळ्या तारेतून करंट मागे येतो, चाकातलं चुंबक ओढतं, चाक थांबतं. धनेशने पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक लांब वायर मागे ओढून आणली. तिला बल्ब जोडला, बल्बचं दुसरं टोक निळ्या तारेला लावलं. विपुलने पिकअपमध्ये जाऊन पेडल दाबून धरलं. बल्ब लख्ख लागला. मग धनेशने बल्ब काढून तीच वायर चुंबकाच्या दुसऱ्या टोकाला जोडली. चाकाने टक्कन धरलं. वायर काढली, चाक सुटलं.

"करंट येतोय दाजी. त्याला परत जायला वाट नाही."

"मग भावना परत आल्यापासून महिनाभर ब्रेक लागले कसे?"

"कधी लागायचे, कधी नाही, तुम्हीच म्हणालात. पिकअपला जोडणाऱ्या हुकाच्या लोखंडातून कसंबसं भागत होतं. काल ट्रेलर उसळला, तेही सुटलं."

तो आणखी पुढे सरकला. निळ्या तारेशेजारी त्याने स्वतः ओढलेली पांढरी तार नव्हतीच. मागेपुढे दोन टोकं तेवढी उरली होती. दोन्ही नीट कापलेली, दोन्हींवर काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. उंदीर काही टेप लावत नाहीत.

"परतीची तार कुणीतरी कापून नेलीय."

"कुणीतरी?" विपुल वाकून ओरडला. "भावना बाळंतपणाला गेली, तेव्हापासून ती परत येईपर्यंत ट्रेलर माझ्या अंगणात उभा होता. बाहेरचा माणूस एकच यायचा, तू. तांबं विकून खाल्लंस ना? ऊठ. पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. भाऊबीजेलासुद्धा नाही."

"अहो, माझा भाऊ आहे तो," भावना म्हणाली.

"म्हणून तर चालत जाऊ देतोय."

सावळारामने ओट्यावरून मान डोलावली.

धनेश बाहेर आला. हात काळेकुट्ट, डोळे भरलेले. आयुष्यात त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. भावनाने रडत रडत वाळत घातलेलं एक दुपटं ओढलं आणि त्याच्यापुढे केलं. धनेशने ते हातात घेतलं, पण पुसलं काहीच नाही. दुपटं होतं तिथे आता मोकळं दिसत होतं. खांबापासून शेवग्यापर्यंत ताणून बांधलेली, उन्हात चकाकणारी पांढरी तार.

विपुलने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं.

"ही..." भावनाने सासऱ्याकडे पाहिलं. "ही बाबांनी बांधली होती. मी बाळाला घेऊन आले, त्याच्या आदल्या दिवशी."

सावळाराम ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याची नजर नातवाच्या दुपट्यांवरून हलेना.

"मी टेस्टर लावून बगलं व्हतं," तो म्हणाला. "तिच्यात करंट न्हवता."