पाटल्यांचा तपास

बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सगळं घर टीव्हीवरच्या एका म्हाताऱ्या फौजदाराच्या, वर्षानुवर्षं चाललेल्या मालिकेपुढे ठाण मांडून बसायचं. निवृत्त फौजदार असलेले विश्वनाथराव खुनी आधीच ओळखायचे आणि कधी चुकायचे नाहीत. आज पडद्यावरचा म्हातारा म्हणाला, “खुनी घरातलाच आहे,” आणि सुनेनं टाळी वाजवली. मागच्या महिन्यात स्वर्गवासी बायकोच्या पाटल्या कपाटातून गेल्या, तेव्हा विश्वनाथरावही चोराबद्दल हेच म्हणाले होते. कुलूप शाबूत होतं आणि दुसरी किल्ली पुष्करकडे, पोटच्या पोराकडे. दुसऱ्याच दिवशी पुष्करनं त्यांना धंतोलीत डॉक्टरकडे नेलं. “बाबांचं डोकं चालून नाही राहिलं,” म्हणाला. “बाबा, सांगा नं, खुनी कोण?” आता टीव्हीपुढे सून विचारत होती. “मुलगा,” विश्वनाथराव म्हणाले. शेवटी पडद्यावर मुलालाच बेड्या पडल्या. “बाबा, काय डोकं चालते तुमचं!” असं म्हणत पुष्करनं विसराळूपणावरची गोळी त्यांच्या हातावर ठेवली.