फाईल मिळाली

"मन्मथ, दाव की रं माझा पप्पू," म्हणत सत्यभामाबाई सायबर कॅफेतल्या खुर्चीत बसल्या. गेवराईत इंटरनेट आलं त्याच वर्षी कॅफेवाल्या मन्मथनं त्यांच्या हरवलेल्या मुलाचा फोटो स्कॅन करून बेपत्ता माणसांच्या वेबसाइटवर चढवला होता. घरी दीर त्याच फोटोला हार घालून भिंतीवर लावायला निघाला होता, म्हणून बाईंनी तो कागदी फोटो सरळ गोदावरीत सोडला. "आता घाल म्हणावं हार. माझं लेकरू कंपूटरात हाय." तेव्हापासून दर बाजाराला त्या लेकराला बघायला यायच्या. आज मन्मथनं वेबसाइट उघडली. पप्पूच्या नावापुढं फोटो चढवल्याची तारीख होती, वेळ होती, 'फाईल मिळाली' असंही होतं. त्यानं क्लिक केलं आणि पटका बांधलेला एक म्हातारा समोर आला. वडवणीच्या या हरवलेल्या आजोबांचा फोटो मन्मथनं कालच चढवला होता. सवयीप्रमाणं त्या फाईललाही त्यानं नुसतं 'फोटो' असंच नाव दिलं होतं, आणि त्याच नावाची नवी फाईल आल्यावर जुनी पुसली गेली होती. कॅफेच्या कॉम्प्युटरमधलीसुद्धा. त्यानं झटकन मॉनिटर बंद केला. "लाईट गेली, मावशी. पुढच्या बाजाराला या." सत्यभामाबाईंनी डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. "म्हंजे तिथनंबी गेला व्हय रं?"