डाव्या पायाची घडी

ताईच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. ‘तुझ्यासाठी जीन्स घेतेय, मापं कळव,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. मला संकोच वाटत राहिला आणि मग ती गेली.

आज दुकानात एक जीन्स घालून पाहिली. कंबर नीट बसली, पण खालचं कापड जमिनीवर लोळत होतं.

“स्लिम देऊ का, काका? दहा वर्षांनी लहान दिसाल,” पडद्याबाहेरून विक्रेता म्हणाला.

आरशात मात्र ते कापड दुमडलेलं होतं, डावीकडे बोटभर जास्त. माझा डावा पाय आखूड आहे, हे फक्त ताईला ठाऊक होतं.

“हीच द्या,” मी म्हणालो.

ती घालूनच मी मापं लिहिली, पाकिटावर ताईचा जुना पत्ता घातला. टपालपेटीसमोर डाव्या घोट्याशी कुणीतरी अलगद घडी घालू लागलं. ती पुरी होईपर्यंत मी हललो नाही, मग पाकीट आत टाकलं.